उपाशी आलेला माणूस जाड कसा होतो? निर्वासितांच्या ताटाची गोष्ट

ठाणे पूर्वेला, कोपरीत, भाजीच्या गाडीवर भेंडी-गवारीच्या शेजारी कधीकधी कमळकाकडी दिसते. एकदा मी नवखेपणाने एक तुकडा उचलला, तर आमच्या शेजारच्या सिंधी आंटींनी तो हातातून काढून घेतला आणि उलटा करून टोक दाखवलं. "ये देख, तोंड उघडं आहे. आतमध्ये चिखल असणार. दोन्ही बाजूंनी बंद असलेली घे." मग त्यांनी गाडीवरच्या ढिगातून चार निवडल्या. त्यांच्या भाषेत ती 'भी'. सासूने शिकवलेली निवड, आणि सासू सिंधमधल्या हैदराबादची.

आंटींची आठवण व्हायचं कारण आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. निर्वासितांची काही बातमी आली की कोणीतरी फोटो टाकतं आणि खाली प्रश्न येतो: "हे लोक उपाशी म्हणून आले होते ना? मग चार-पाच वर्षांत एवढे जाड कसे?" प्रश्न खवचट असला तरी वेडा नाही. युद्धातून, छावणीतून श्रीमंत देशात पोहोचलेल्या लोकांची वजनं वाढतात, मधुमेह आणि रक्तदाब मागे लागतात, हे डॉक्टरांनाही दिसतं. त्यावर ग्रुपवर मिळणारं उत्तर मात्र चुकीचं असतं. "फुकट मिळालं की खातात" हे ते उत्तर.

आधी दोन शब्द

निर्वासित म्हणजे धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणाने छळ होईल या भीतीने देश सोडावा लागलेला माणूस. १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या साधारण अशी आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. फाळणीत आलेले सिंधी-पंजाबी त्या व्याख्येत काटेकोरपणे बसतही नाहीत, कारण त्यांना इथलं नागरिकत्व मिळालं. पण आपल्या बोलण्यात ते निर्वासितच, आणि ताटाच्या बाबतीत त्यांचा अनुभव तोच.

दुसरा शब्द पुनर्वसन. आधी शेजारच्या देशातली छावणी, आणि तिथून एखाद्या तिसऱ्या देशाने निवडून कायमचं नेणं. ही संधी वर्षाला शंभरात एका निर्वासितालाही मिळत नाही. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने आपला पुनर्वसनाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा तर रांगेतले हजारो लोक तिकिटं काढलेली असताना अडकले.

नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याशी यांची तुलना करू नये. माझा भाचा न्यू जर्सीला निघाला तेव्हा बॅगेत कुकर, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट होतं, आणि वजन तेवीस किलोच्या वर गेलं म्हणून विमानतळावर शर्ट काढून टाकले, मसाला नाही. निर्वासिताला बॅग भरायला सवडच मिळत नाही.

मधला मुक्काम: छावणी

आपल्याला वाटतं, ताट एकदाच बदलतं: गावाकडचं सुटतं, अमेरिकेतलं सुरू होतं. खरं तर मध्ये एक तिसरं ताट असतं, आणि कित्येकांच्या आयुष्यात तेच सर्वांत जास्त काळ टिकतं.

भूतानमधून १९९०च्या सुमारास नेपाळी भाषक लोकांना हाकलण्यात आलं. पूर्व नेपाळमध्ये झापा आणि मोरंग जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या. पुनर्वसन सुरू व्हायला २००७-०८ उजाडलं. म्हणजे छावणीत जन्मलेलं पोर तिथेच मिसरूड फुटेपर्यंत वाढलं. शिधा काय? तांदूळ, डाळ, तेल, साखर, मीठ, थोडी भाजी. छावणीच्या शिध्याचं जागतिक मोजमाप माणशी दिवसाला २,१०० कॅलरी असं आहे. पोट भरतं, पण कॅलरी मोजणाऱ्या या हिशेबात दूध, अंडं, मांस, फळ हे हमखास येत नाही.

बी-१२ हे जीवनसत्त्व प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं. ठाण्यात कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर शाकाहारी माणसाच्या मुंग्या येणाऱ्या पायांचं निदान तिसऱ्या मिनिटाला होतं आणि इंजेक्शनांचा कोर्स लिहून मिळतो. भूतानचे हे लोक अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांच्यात नेमकी याचीच मोठी कमतरता सापडली. ती अमेरिकेतल्या अन्नाने आलेली नव्हती, छावणीतून सोबत आलेली होती.

आपल्याकडे ज्यांनी ७२चा दुष्काळ पाहिला त्यांना हे ताट समजावून सांगावं लागत नाही. रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. त्यांनी जीव वाचवले, आणि तरी त्या पिढीतल्या कित्येकांच्या तोंडून 'मिलो' हा शब्द आजही नाक मुरडूनच बाहेर पडतो. आता तो मिलो पंधरा-अठरा वर्षं खाल्ला अशी कल्पना करा.

आणि शिधा कायम तेवढाच राहील याचीही शाश्वती नाही. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्यांना माणशी महिन्याला १२ डॉलरचं अन्न मिळायचं. देणग्या आटल्या म्हणून २०२३मध्ये ते आधी १० आणि मग ८ डॉलरवर आलं.

काय आधी बदलतं, काय शेवटी

या विषयाचे अभ्यासक ताटाचे तीन थर करतात. तळाला मुख्य धान्य: भात, भाकरी, पोळी. त्यावर जोडीला येणारं, म्हणजे डाळ, भाजी, मासे, मटण. सर्वांत वर किरकोळ गोष्टी: पेयं, गोडधोड, मधल्या वेळचं खाणं. बदल वरून सुरू होतो आणि तळापर्यंत शेवटी पोहोचतो. वेळेचंही तसंच. नाश्ता सर्वांत आधी जातो, कारण सकाळी घाई असते आणि ब्रेडचं पाकीट उघडायला काही यावं लागत नाही. रात्रीचं जेवण सर्वांत चिवट, कारण तेव्हा घर एकत्र बसतं.

म्हणून मिनेसोटातल्या सोमाली घरात रात्री भातासोबत केळं असतं (हो, भाताच्या घासाबरोबर केळं, त्यांची जुनीच पद्धत), पण दुपारी मुलाच्या हातात सोडा, म्हणजे कोकसारखं गोड पेय असतं. घरातली मोठी माणसं शपथेवर सांगतात, "आम्ही आमचंच खातो." खोटं बोलत नाहीत ती. त्यांना जेवण म्हणजे रात्रीचं ताट वाटतं. सोडा आणि वेफर्स हे त्यांच्या हिशेबात खाणं नसतंच. आपल्याकडेही दिवसभर चहा-खारी चालू असते आणि डॉक्टरांना सांगताना "दोन पोळ्या आणि भाजी, बस" असंच तोंडातून येतं.

तळाचा थर हलतो तो बहुतेक बाजारामुळे. तिबेटी माणसाचं मुख्य अन्न त्सांपा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ. १९६०च्या दशकात त्यांच्या वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड इथे झाल्या. तिथल्या हवेत सातू कुठून येणार? शेतात मका आला आणि ताटात तांदूळ-गहू.

याउलट आंटींची साई भाजी. पालक, चणाडाळ, शेपू आणि आंबटपणाला एक पालेभाजी. ती पालेभाजी म्हणजे आपला आंबट चुका. कल्याणच्या बाजारात चुका मिळत होता म्हणून साई भाजी जशीच्या तशी तगली. पल्लो मात्र गेला. पल्लो म्हणजे सिंधू नदीत वर चढून येणारा हिल्सा, सिंधी माणसाचा जीव की प्राण. इथे आल्यावर खाडीचे मासे होते, बोंबील होते. आंटींचे सासरे शेवटपर्यंत बोंबलाला मासा म्हणायला तयार नव्हते. "पाणी आहे ते, पाणी," म्हणायचे.

सणाचं रोजचं झालं

आता मूळ प्रश्न, जाड कसे होतात. मला विचाराल तर सर्वांत मोठं कारण लाडकं अन्न सुटणं हे नाही. लाडकं अन्न स्वस्त होणं हे आहे.

नेपाळच्या छावणीत, सोमालियाच्या गावात, लाओसच्या डोंगरात मांस महाग आणि पालेभाजी जवळपास फुकट. मांस सणाला, पाहुणा आला तर, लग्नात. अमेरिकेत हे उलटं होतं. कोंबडी स्वस्त, तेल स्वस्त, साखर तर पाण्याच्या भावात. आणि कोथिंबिरीएवढ्या जुडीला मोजावे लागणारे पैसे बघून गृहिणीचा हात मागे येतो. तिने काय करावं? आपल्या गावात जे श्रीमंत खायचे ते आता तिला परवडतं. ती ते मुलांना रोज देते. आई म्हणून तिच्या दृष्टीने हे यशच असतं.

आपल्या घरात कल्पना करा. श्रीखंड-पुरी वर्षातून चारदा होते. उद्या श्रीखंड कांद्यापेक्षा स्वस्त झालं आणि मेथीची जुडी तीनशे रुपयांना गेली, तर दोन वर्षांनी आपल्या कमरेचं काय होईल? त्यात आपल्या इच्छाशक्तीचा किती भाग असेल? श्रीखंड वाईट नाही, ते खाणारंही लोभी नाही. चारदाचं साडेतीनशेदा झालं, एवढंच.

त्यात चालणं संपतं. गावात पाण्याला, लाकडाला, बाजाराला पायी. तिथे सुपरमार्केट काही मैलांवर, बस तासाला एक. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीतून आठवड्याचं एकदम आणायचं, आणि एकदम आणायचं म्हणजे टिकणारं आणायचं. टिकणारं म्हणजे पाकिटातलं, डब्यातलं, गोठवलेलं. गोठवलेल्या कोंबडीकडे कित्येक बायका संशयाने बघतात: कधी मेली असेल ही? ठाण्याच्या मासळी बाजारात कल्ला उघडून लाल आहे का बघणाऱ्या माणसाला हा संशय लगेच कळेल.

घड्याळ, कर्ज आणि धुराची घंटी

अमेरिकेत आलेल्या निर्वासिताला पहिल्या काही महिन्यांतच नोकरी धरावी लागते. सुरुवातीची मदत साधारण ९० दिवसांची. विमानाचं भाडंसुद्धा कर्जाऊ असतं, ते हप्त्याने फेडायचं. मिळणारी कामं मांस कापण्याच्या कारखान्यात, गोदामात, हॉटेलच्या खोल्या साफ करायची, आणि बरीचशी पाळीची. नवरा-बायको दोघंही कामावर. ज्या घरात स्वयंपाक म्हणजे एका बाईचे दिवसाचे पाच तास होते, तिथे आता तासभर उरतो. गरम मसाल्याची फोडणी दिली की छतावरची धुराची घंटी कोकलायला लागते आणि अख्खी इमारत खाली उतरते. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस फोडणी देत नाही.

पैशांचं गणितही साधं आहे. भाडं कमी करता येत नाही, विजेचं बिल कमी करता येत नाही, विमानाचा हप्ता चुकवता येत नाही. ज्यावर कात्री चालते ते फक्त वाणसामान. नव्या आलेल्यांना २०२५पर्यंत वाणसामानासाठी सरकारी मदतीचं कार्ड मिळायचं, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते रिकामं व्हायचं. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना वेगळी मदत मिळते, त्यात दूध, चीज, अंडी अशी ठरलेली यादी. आग्नेय आशियातून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मोठेपणी दूध पचत नाही, हे त्या यादीला बराच काळ ठाऊकच नव्हतं.

आणि दुकानात वाचायचं कोणी? तिसरीतल्या मुलीने. भाषा तिलाच आधी येते. पाकिटावर काय लिहिलंय हे तीच आईला सांगते, त्यामुळे काय घ्यायचं हेही हळूहळू तीच ठरवते. शाळेच्या डब्यात आईचं वासाचं लोणचं नको, पिझ्झा हवा, हा निर्णय घरात फार वाद न होता लागू होतो.

शरीराचा जुना हिशेब

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. आईच्या पोटात आणि लहानपणी ओढगस्त पाहिलेलं शरीर काटकसरी होतं, मिळालेलं साठवून ठेवतं, आणि पुढे सुबत्ता आली की मधुमेहाकडे लवकर झुकतं, असं याज्ञिकांचं काम सांगतं. आपल्या सगळ्यांना लागू असलेली ही गोष्ट निर्वासिताच्या बाबतीत दुप्पट जोरात लागते. त्याची ओढगस्त ताजी असते आणि सुबत्ता एका विमानप्रवासात येते.

मनाचाही हिशेब असतो. कंबोडियात १९७५ ते ७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत लोक भुकेने मेले. त्यातून वाचून अमेरिकेतल्या लोवेल शहरात स्थायिक झालेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्यांनी पूर्वी जास्त उपासमार सोसली होती, त्यांच्यात आज चरबीचं मांस खाण्याचं आणि वजन जास्त असण्याचं प्रमाण अधिक आढळलं. यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. ताटात टाकायचं नाही, समोर आहे तोवर खाऊन घ्यायचं, हे एकदा जिवावर बेतून शिकलेला माणूस आहारतज्ज्ञाच्या तक्त्याने विसरत नाही.

"निदान पोटभर तरी मिळतंय ना?"

मिळतंय. छावणीपेक्षा शंभर पटींनी बरं आहे, आणि परत जा म्हटलं तर कोणी जाणार नाही. पण पोट भरणं आणि पोषण होणं या दोन गोष्टी एकाच घरात वेगवेगळ्या चालू शकतात. अल्जीरियाच्या वाळवंटात तिंदूफजवळ पश्चिम सहारातले निर्वासित १९७५पासून छावण्यांत आहेत. तिथे अर्ध्याहून अधिक बायकांचं वजन जास्त भरलं, आणि त्याच छावण्यांत रक्तक्षय आणि मुलांची खुंटलेली वाढही मोठ्या प्रमाणात होती. पीठ, साखर, तेल यांनी जाडी येते. लोह त्यातून मिळत नाही.

"गेलात ना त्या देशात, मग तिथलं खायला शिका"

शिकतातच. मुश्कील अशी की आधी शिकलं जातं ते तिथलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जाहिरात झालेलं. अमेरिकेतला सुशिक्षित वर्ग ऑलिव्ह तेल आणि 'केल' नावाची पालेभाजी खातो. नवा आलेला माणूस राहतो त्या वस्तीत केल विकायलाच नसतं. आणि घरचं जुनं खाणं टिकवून ठेवणाऱ्यांची तब्येत वाईट असतेच असंही नाही, उलट डाळ-भाजी-भाकरीचं ताट सोडल्यावरच बऱ्याच गोष्टी बिघडतात.

जिथे जमिनीचा तुकडा मिळतो तिथे हे दिसतं. लाओसमधून आलेले ह्मोंग लोक मिनेसोटात शेती करायला लागले, आणि सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात आज ताज्या भाजीचे कितीतरी गाळे त्यांचेच आहेत. मोहरीच्या पाल्यासारख्या भाज्या त्यांनी आधी स्वतःसाठी लावल्या, गिऱ्हाईक नंतर आलं.

"आपणही बदललोच की, कुठे गाव सोडलं?"

हा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर खाडीपलीकडेच आहे. नवी मुंबईसाठी १९७०नंतर ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. आगरी-कोळी लोक जागचे हलले नाहीत. घणसोलीचा माणूस घणसोलीतच राहिला. पण भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीत जिथे मुलं निवटे पकडायची तिथे भराव पडला. घरचा तांदूळ, घरासमोरची चिंबोरी, हे सगळं विकत घ्यायच्या यादीत आलं. तांदळाची भाकरी राहिली, तीही आता बाहेरून आणलेल्या पिठाची. जत्रेला आणि हळदीला जुनं ताट अजून दिसतं, बाकी दिवशी गावाच्या तोंडाशी चायनीजची गाडी.

म्हणजे सीमा ओलांडली नाही तरी ताट बदलतं. जमीन, बाजार आणि वेळ हातातून गेली की पुरतं. निर्वासिताचं वेगळेपण इतकंच की त्याचं तिन्ही एकदम जातं, आणि भाषाही.

यजमानाचंही ताट हलतं

थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक आधीच भरपूर बोलतात. अमेरिकेत घराघरात गेलेला 'श्रीराचा' नावाचा लाल मिरचीचा सॉस व्हिएतनाममधून आलेल्या एका निर्वासिताने १९८०मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा, आणि कंपनीचं हुई फाँग हे नाव त्याला घेऊन निघालेल्या जहाजाचं. बर्लिनच्या झोनेनआले रस्त्यावर आज अरबी मिठाईची दुकानं आहेत. आपल्याकडे बघायचं तर कल्याणजवळची लष्करी छावणी: दुसऱ्या महायुद्धातल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं, आणि आज दाल-पकवान खायला मराठी माणूस रविवारी सकाळी 'कॅम्प नंबर' विचारत जातो. पत्ता अजून छावणीचाच आहे.

पहिल्या दिवसाची यादी

अमेरिकेत निर्वासित कुटुंब विमानातून उतरून घरी पोहोचतं तेव्हा त्यांना मदत करणाऱ्या संस्थेने काय तयार ठेवायचं, याचे नियम होते. एक चांगला नियम असा की पहिलं जेवण तयार, आणि त्या कुटुंबाच्या सवयीचं असलं पाहिजे. कोणीतरी आधी आलेली बाई ते रांधून ठेवते, आणि मध्यरात्री पोहोचलेल्या लोकांना गरम भात मिळतो.

त्याच नियमांत स्वयंपाकघराची यादी होती. माणशी एक ताटली, एक वाडगा, एक कप, काटा, सुरी, चमचा. एक पातेलं, एक तवा, ओव्हनमध्ये ठेवायचं एक भांडं. आणि डबा उघडायचं ओपनर.

मी ही यादी आंटींना वाचून दाखवली. त्या कमळकाकडीचे तिरके काप करत होत्या, प्रत्येक काप नळाखाली धरून भोकांमधून पाणी आरपार जातंय का बघत होत्या.

"चकला-बेलण नाही?"

"नाही."

"मग पहिल्या दिवसापासून ब्रेडच," त्या म्हणाल्या, आणि कुकरला झाकण लावलं.